पंचनाम्याआधीची शेती

२०२३ चा ऑगस्ट हा देशाच्या हवामान नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन ऐन फुलोऱ्यात असताना पावसाने दडी मारली. अनेक मंडळांत खंड तीन आठवड्यांच्या पुढे गेला, फुले गळाली, शेंगा पोचट राहिल्या. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, याच पट्ट्यात सीना, मांजरा आणि गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले आणि शेंगेतल्या दाण्याला शेंगेतच कोंब फुटले. नदीकाठी तर पिकाबरोबर मातीही गेली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला काळा थर वाहून गेला आणि खालचा मुरूम उघडा पडला. राज्यात सुमारे ६८ लाख हेक्टरवरची पिके बाधित झाली. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे अशी त्यात तरतूद होती.

ही मदत आवश्यकच होती. पण पेरणी, खंड, अतिवृष्टी आणि पंचनामा असे शेतीचे वेळापत्रकच होऊन बसले असेल, तर विचार पंचनाम्याच्या आधी सुरू व्हायला हवा. हवामान बदलाला तोंड देणारी शेती कशी असते, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. ती कोकणात आहे, जालन्यात आहे, नगरच्या डोंगराळ गावांत आहे. ती बेटाबेटांतच का राहिली, हा खरा प्रश्न आहे.

पाऊस तेवढाच, दिवस कमी

सरासरीचा आकडा शेतकऱ्याला फारसे काही सांगत नाही. जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीइतका पडला तरी हंगाम हातचा जाऊ शकतो, कारण पीक रोजच्या ओलाव्यावर जगते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही. अरबी समुद्र तापला आहे आणि तिकडून येणारे बाष्पही वाढले आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. असे बाष्प साठत राहते आणि मग एकदम रिते होते.

महाराष्ट्रातील ८० टक्क्यांहून अधिक शेती पावसावर अवलंबून आहे. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसुली भाषेत त्या मंडळात अतिवृष्टी झाली. सपाट, नांगरून भुसभुशीत केलेल्या काळ्या रानात असा पाऊस पडला की वरचा थर चिखल होऊन बसतो, मातीतली छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी मातीसह उताराला लागते. जे शेतात तुंबते ते मुळांचा श्वास कोंडते. पाने पिवळी पडतात आणि वापसा येईपर्यंत कोळपणीही करता येत नाही. पुढे पंधरा दिवसांची उघडीप पडली की हेच रान भेगाळते. एकाच शेतात, एकाच हंगामात पाणी जास्त होते आणि कमीही पडते.

म्हणून बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे याचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ एकच. जास्तीचे पाणी शेतातून सुखरूप बाहेर जावे आणि कामापुरते पाणी मातीतच थांबावे. बाकी सगळे उपाय याभोवती आहेत.

एक सरी, दोन कामे

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. आज मराठवाडा-विदर्भात ती बीबीएफ याच नावाने ओळखली जाते. ट्रॅक्टरमागे जोडलेले पेरणी यंत्र एकाच फेरीत रुंद वरंबा तयार करते, त्यावर सोयाबीनच्या चार ओळी पेरते आणि दोन्ही बाजूंना सरी पाडत जाते. पीक उंचावर राहते. मुसळधार पाऊस झाला की पाणी सरीतून निघून जाते आणि मुळांना हवा मिळत राहते. पाऊस हलका असेल तर तो सरीत थांबतो आणि दोन्ही अंगांनी वरंब्यात मुरतो. उघडीप पडली की सपाट रानातले पीक दुपारी माना टाकते, तेव्हा वरंब्यावरचे पीक आणखी काही दिवस तग धरते. फुलोऱ्यात हे काही दिवसच उतारा ठरवतात.

यात महागडे तंत्रज्ञान नाही. बियाणे कमी लागते, फवारणीला सरीतून चालता येते. तरीही सगळीकडे बीबीएफ का दिसत नाही? पेरणीचा काळ फार थोडा असतो, हे त्याचे कारण. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तेवढा पाऊस होऊन वापसा आला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात पेरायचे असते. गावात बीबीएफ यंत्रे दोन-तीनच असतील तर बाकीचे शेतकरी किती दिवस थांबणार? ओल उडून जाण्याच्या धास्तीने ते हाताशी असलेल्या तिफणीने नाहीतर साध्या पेरणी यंत्राने पेरून मोकळे होतात. तंत्र पटलेले असते, यंत्र मात्र वेळेवर मिळत नाही.

बियाण्याचेही असेच. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते. काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा डागाळतो आणि उगवणशक्ती घटते. म्हणजे एका सप्टेंबरची अतिवृष्टी पुढच्या जूनच्या बियाण्यालाही ग्रासते. यावर साधा उपाय आहे. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे नीट उगवले तर बियाणे पेरणीयोग्य, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचे किंवा बियाणे बदलायचे. यासाठी खर्च काही येत नाही आणि दुबार पेरणीचे संकट टळू शकते.

नांगर न टेकवलेले रान

कोकणातल्या भाताची अडचण वेगळी. तिथे पावसाळ्याआधी राब भाजायचा, रोपे तयार करायची, चिखलणी करायची आणि मग वाकून लावणी करायची. पाऊस लांबला की रोपे वाफ्यातच वाढून बसतात आणि पडायला लागला की मजूर मिळत नाहीत. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी या सगळ्या क्रमालाच पर्याय दिला. सगुणा राईस तंत्र, म्हणजे एसआरटी, या नावाने तो राज्यभर माहीत आहे.

एकदाच मशागत करून कायमचे गादीवाफे तयार करायचे. एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १३६ सेंटिमीटर अंतर आणि वरचा माथा १०० सेंटिमीटरचा. या माथ्यावर लोखंडी साचा दाबला की २५ बाय २५ सेंटिमीटरवर भोके पडतात. त्यांत बियाण्याचे काही दाणे आणि थोडे खत टाकून माती ओढायची. राब नको, चिखलणी नको, लावणीही नको. भात कापल्यावर बुडखे उपटायचे नाहीत. मुळे जागेवरच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भुईमूग टोकायचा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिथेच भात.

अशा काही वर्षे न नांगरलेल्या वाफ्यात कुदळीने खोदून पाहिले की फरक हातात येतो. ढेकूळ बोटांनी दाबताच कणीदार फुटते. जुन्या मुळांच्या जागी बारीक पोकळ वाटा दिसतात. त्यांतून पाणी आणि हवा खाली उतरते, नवी मुळेही त्याच वाटेने जातात. गांडुळांची विष्ठा थराथरात सापडते. कोल्हापूरचे प्र. र. चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेतीचा आणि जमिनीतील सूक्ष्मजीवांचा विषय वर्षानुवर्षे लिहून-बोलून शेतकऱ्यांपर्यंत नेला. त्यांच्या सांगण्याचा गाभाही हाच आहे, की पिकाचे जमिनीखालचे अवशेष हे शेतकऱ्याला फुकट मिळालेले खत आहे आणि नांगर ते उधळून टाकतो.

या पद्धतीत हवामान बदलाची दोन्ही अंगे एकत्र येतात. पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. गादीवाफ्यावरच्या भातात सतत पाणी तुंबवायचे नसल्याने मिथेनला वाव कमी मिळतो. राब भाजण्याचा धूर टळतो, चिखलणीचे डिझेल वाचते. शेतकऱ्याने हे वायू मोजून केलेले नसते. मजुरी वाचली आणि पावसाची वाट पाहणे सुटले म्हणून त्याने ते स्वीकारलेले असते.

पण उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. नांगरणी नसल्याने तणाचा प्रश्न मोठा होतो आणि या पद्धतीत तणनाशकांवर बरीच भिस्त ठेवली जाते. ग्लायफोसेटसारख्या रसायनाच्या आरोग्यावरील परिणामांबद्दल जगभर वाद आहेत, ते बाजूला सारून चालणार नाही. शिवाय नत्रयुक्त खत जास्त पडले तर जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक असतो. म्हणजे मिथेनमधली बचत युरियाच्या गोणीत गमावता येते. आच्छादन, फेरपालट आणि वेळेवर हातकोळपणी यांची जोड देऊन तणनाशक कमी करत नेणे, हे या तंत्राचे पुढचे काम आहे आणि कृषी विद्यापीठांनी ते अंगावर घ्यायला हवे.

पाणी अडले, मग वाटायचे कसे?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याआधीच्या २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कडवंची हे कमी पावसाचे गाव द्राक्षे पिकवत होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे माथा ते पायथा काम झाले. आधी डोंगरउतारावर समतल चर, मग शेताला बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बांध. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि विजयअण्णा बोराडे यांनी गावाची साथ सोडली नाही. पाणी मुरले, विहिरींना उभारी आली, मग ठिबक आणि शेततळी आली.

शेततळ्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरायला ते असते. पण बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली शेततळी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. जमिनीच्या पोटातले पाणी उघड्यावर आणायचे, त्यातले बरेच उन्हात उडू द्यायचे आणि शेजाऱ्याची विहीर आटवायची, याला जलसंधारण म्हणता येणार नाही. एका शेतकऱ्याची सोय आणि गावाची तहान यांत इथे विरोध उभा राहतो आणि त्याचा निवाडा गावानेच करावा लागतो.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने तो केला. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तिथे दरवर्षी पावसाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. ग्रामसभा त्यावरून पिके ठरवते. शेतीसाठी बोअरवेलला बंदी आणि उसासारख्या पिकांना नकार, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे, तरीही बोअरच्या गाड्या गावोगाव फिरतातच. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे ग्रामसभा पोहोचू शकते, हे या गावाने दाखवून दिले.

पेऱ्यात विविधता, घरात धान्य

मराठवाड्यात एकेकाळी ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई असा मिश्र पेरा असे. सोयाबीनने तो बाजूला सारला. कमी दिवसांत हाती रोख पैसा देणारे पीक म्हणून शेतकऱ्याची ही निवड समजण्यासारखी होती. आता मात्र लाखो हेक्टरवर एकच पीक एकाच वेळी फुलोऱ्यात येते आणि एका खंडात एकाच वेळी बसते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्या तर सोयाबीन गेले तरी तूर उभी राहते. तिची मुळे खोल जातात आणि ती उशिरापर्यंत ओल शोधते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने दिलेला बीडीएन ७११ हा तुरीचा लवकर येणारा वाण कमी पावसाच्या भागात म्हणूनच पसंतीस उतरला. २०१८ मध्ये आलेली परभणी शक्ती ही लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी माणसाला पोषण देते आणि जनावराला कडबा.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा हवामानाशी जवळचा संबंध आहे. ज्या गावात दहा-बारा तऱ्हांचे वाल आणि भात आहेत, तिथे एखाद्या वर्षी काही वाण मार खातात, काही टिकतात. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, बायकांसाठी एक एकर शेतीची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात धान्य, डाळी, भाज्या कमी पाण्यात, सेंद्रिय निविष्ठांवर घ्यायच्या. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळात घरात खायला काय आहे, हा प्रश्न आधी बाईपुढे उभा राहतो, म्हणून त्याचे उत्तरही तिनेच शोधले. सातबारावर तिचे नाव नसल्याने योजना, कर्ज आणि विमा मात्र तिच्यापर्यंत क्वचितच येतात.

बाजाराशिवाय हे सगळे अधुरे आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि काढणीच्या वेळी बाजार समित्यांत बराच माल त्याखाली विकला गेला. ज्वारी, मूग, करडई यांची खात्रीची खरेदी नसेल तर पीकबदलाचा सल्ला शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर मानायचा?

वायूंचा हिशेब आणि न्याय

देशाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शेती-पशुपालनाचा वाटा सुमारे १४ टक्के आहे. त्यातही निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या पचनातून निघणाऱ्या मिथेनचा, त्यानंतर भातशेती आणि खते घातलेल्या जमिनींचा. या आकड्यांवरून दोन एकरांच्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. हवा तापवण्यात त्याचा वाटा नगण्य आणि तिचा फटका सर्वांत आधी त्यालाच. त्याच्याकडून मागायचे ते त्याच्याही फायद्याचे असले पाहिजे.

असे पुष्कळ आहे. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजवले तर ओल टिकते, युरिया कमी लागतो. माती परीक्षण करून नत्र विभागून दिले तर खर्च वाचतो. चांगला चारा आणि कमी पण दुधाळ जनावरे यांमुळे दर लिटर दुधामागचा मिथेन घटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉट सौरवीज कृषी वाहिन्यांना देण्याचे लक्ष्य आहे. दिवसा वीज मिळाली की रात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जाणे थांबते. मात्र ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालत राहिला तर भूजल संपेल. त्यामुळे सौरपंपाबरोबर ठिबक आणि पाण्याचा ताळेबंद हवाच. कार्बन क्रेडिटचे करार घेऊन येणाऱ्यांनाही शेतकऱ्यांनी मुदत किती, मोजणी कोण करणार आणि पैशात आपला वाटा किती, हे मराठीत लिहून मागावे.

आधी की नंतर?

जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून राबवलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, हा राज्याचा हवामान-अनुकूल शेतीचा सर्वांत मोठा प्रयत्न. १५ जिल्ह्यांतील पाच हजारांवर गावे आणि सुमारे ४,००० कोटी रुपये, तेही सहा वर्षांसाठी. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांचा, सुमारे ६,००० कोटींचा. २०२५ च्या एका सप्टेंबरनंतर जाहीर झालेले पॅकेज या दोन्ही टप्प्यांच्या बेरजेच्या तिपटीहून मोठे होते. त्यात घरे, रस्ते, विमा असे बरेच काही धरलेले होते, हे मान्य. तरीही आपण तयारीपेक्षा भरपाईवर किती अधिक खर्च करतो, हे यावरून कळते. बीबीएफने महापूर अडणार नाही, हेही खरे. पण पुराच्या वाटेवर नसलेल्या लाखो हेक्टरांत पाणी तुंबून किंवा ओल उडून होणारे नुकसान नक्की घटवता येते.

म्हणून सरकारकडे मागणी स्पष्ट असावी. आपत्तीनंतर जाहीर होणाऱ्या पॅकेजचा ठरावीक हिस्सा आपत्तीपूर्व तयारीसाठी कायद्याने बाजूला ठेवावा. त्यातून प्रत्येक गावाला मे महिन्यातच पुरेशी बीबीएफ यंत्रे भाड्याने मिळावीत, बांधबंदिस्तीची दुरुस्ती व्हावी आणि पीकबदल करणाऱ्याला पहिल्या तीन वर्षांच्या जोखमीची हमी मिळावी. नवी पद्धत फसली तर आज सगळा तोटा शेतकरी एकटा सोसतो. तो एकटा आहे तोवर ही शेती बेटाबेटांतच राहील.

आणि वाचकांना एक विनंती. तुमचे गाव असेल, गावात जमीन असेल किंवा नुसते नाते असेल, तर येत्या एप्रिल-मेच्या ग्रामसभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. गावाचा पाण्याचा ताळेबंद झाला का? पेरणीच्या आठवड्यात किती यंत्रे हाताशी असतील? घरच्या बियाण्याची उगवण तपासली का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पाऊस जूनमध्ये येतो. तयारीचे महिने त्याआधीचे आहेत.